अनुभव धागा: घरातले नियम आणि मुलांचा मोबाइल

कोरोनात शाळेसाठी दिलेला फोन परत मागायची वेळ आली आणि घरोघरी कुरबुरी सुरू झाल्या. डायना बाउमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६०च्या दशकात पालकांचे तीन प्रकार सांगितले: धाकात ठेवणारे, सगळं चालवून घेणारे, आणि नियम ठाम ठेवूनही मुलांचं ऐकणारे. मुलांकडे लक्षच नसलेले, हा चौथा प्रकार नंतर जोडला गेला. तुमच्या घरी काय घडलं ते लिहा. सल्ले नकोत, ते नातेवाइकांच्या ग्रुपवर ढिगाने मिळतात.

नागपूर, तेव्हा अकरावीत:
आमच्याकडे धाक. रात्री राउटर बाबांच्या कपाटात, कपाटाला कुलूप. मी मित्राच्या दादाचा जुना हँडसेट मिळवला आणि पांघरुणात पब्जी खेळू लागलो. सप्टेंबर २०२०मध्ये बंदी आली तेव्हा बाबांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. मी लगेच फ्री फायरवर! खरी गोची पुढे झाली. गेममधला एकजण 'तुझे चॅट घरी पाठवतो' म्हणत पैसे मागायला लागला. मुळात तो हँडसेटच घरच्यांच्या लेखी नव्हता, मग सांगणार कुणाला?

त्याला प्रश्न: मग निस्तरलंस कसं रे?

नागपूर: मावशीला सांगितलं. तिने आधी जेवू घातलं, मग पोलिसांत घेऊन गेली. बाबांना अजून पत्ता नाही.

ठाणे, एकत्र कुटुंब:
आमच्याकडे सगळेच प्रकार एका छपराखाली आहेत. जाऊबाई 'नाही' म्हणाल्या की पुतणी आजीच्या खोलीत. आजीच्या फोनला पासवर्ड नाही, वर खायलाही मिळतं. भाऊजी म्हणतात, "शिकेल आपोआप." पोरगी नियम नाही शिकली, माणसं ओळखायला मात्र पक्की शिकली.

सांगली जिल्हा, शिक्षक:
आमच्या जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की मोठ्यांच्या मालिकाही बंद. 'तुम्ही तरी कुठे ठेवता?' हा मुलांचा हुकमी पत्ता तिथे चालत नाही. साडेआठनंतर काय, हे ज्याच्या त्याच्या घरावर.

पुणे, मामा:
भाचा दिवसभर गेममध्ये म्हणून ताईने 'व्यसनी' ठरवून टाकला. समुपदेशकांनी समजावलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत हा विकार आहे, पण खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, हे साधारण वर्षभर चालू असावं लागतं. याचं नुकतंच सुरू झालं होतं, नव्या शाळेत मुलं चिडवायला लागल्यावर. फोन काढून घेतला असता तर त्याला बोलायला उरलेले दोन मित्रही गेले असते.

कोल्हापूर:
सगळे धाकाला नावं ठेवताहेत म्हणून लिहिते. आमचे पप्पा कडकच. फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला, त्यांचासुद्धा. परीक्षेच्या काळात नोट्ससाठी भांडून मी तास वाढवून घेतला होता, तोही दिला. आता माझी मुलगी आठवीत आहे. तिच्याशी वाटाघाटी चालू आहेत, सध्या ती जिंकतेय.