रोज लिटरभर पाणी घटतंय, खाली थेंब नाही. सरळ हेड उघडायचं का?

काळी_माती: जुना तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर रोटावेटर मारताना दिवसाला लिटरभर पाणी खातो, खाली ओल नाही. गावोगाव सल्ला एकच: गॅसकेट (हेड आणि ब्लॉकमधली पत्री) गेली, हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण उघडा. माझ्या मते हा आंधळा खर्च. आधी रेडिएटरचं झाकण बघा. ७ पीएसआय दाबाचं झाकण धड असेल तर पाणी ११० अंशांच्या आसपास उकळतं. रबर कडक झालं, स्प्रिंग बसली, की भुसावळच्या मे महिन्यात ते ओव्हरफ्लोच्या नळीतूनच वाफ होऊन जातं. शिवाय या रेडिएटरला बाजूची बाटली नसते. काठोकाठ भरलं तर फुगलेलं पाणी सांडणारच. दोन बोटं खाली ठेवा. मग वॉटर बॉडीच्या (पाण्याच्या पंपाच्या) पोटाखालचं भोक बघा. तिथं पांढरा खार जमला असेल तर सील गेलं. गरम इंजिनावर पाणी वाळतं, म्हणून थेंब दिसत नाही.

रोटावेटर_नाना: झाकण बदलून महिना घालवायचा आणि तोवर हेड वाकवून घ्यायचं? थंड इंजिनाचा पंप-फॅनचा पट्टा काढा, रेडिएटर भरा, झाकण उघडं ठेवून चालू करा. मिनिटभरात सारखे बुडबुडे आले तर गॅसकेटच. दोन मिनिटांवर चालवू नका, पंप बंद असतो.

काळी_माती: बुडबुडे नाही आले तर? बारीक गळती रिकाम्या इंजिनाला दिसत नाही, ती लोडवरच उघडी पडते. ओव्हरफ्लोची नळी लांब करून पाण्याच्या बाटलीत बुडवा आणि दोन तास रोटावेटर मारा. सुरुवातीला हवा येईल, ती सोडा. नंतरही बुडबुड थांबली नाही तर ज्वलनाचा गॅस पाण्यात शिरतोय. तेव्हा हेड उघडा, माझी ना नाही.

चेंबरखाली: दोघंही वरच बघताय. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवा. सकाळी चालू न करता चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) ड्रेन बोल्ट हळूहळू ढिला करा. पाणी जड, तळाला बसतं. ऑइलच्या आधी तेच झिरपतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली असेल तर हे आधी करा, आणि तसं इंजिन फिरवू नका, बेअरिंग जातील. पाणी निघालं तर ऑइल काढून चेंबर उतरवा, रेडिएटरला हातपंपाने ७ पीएसआय दाब द्या, खाली वर्तमानपत्र अंथरून अर्धा तास थांबा. लायनरच्या (ज्यात पिस्टन फिरतो त्या नळीच्या) खालच्या कडेवरून थेंब ओघळला तर तिथली रबरी कडी, ओ-रिंग गेली. लायनरच्या आतल्या भिंतीवरून आला तर त्याला बाहेरून खड्डे पडून आरपार भोक झालंय.

रोटावेटर_नाना: म्हणजे लायनर ओढायला हेड काढावंच लागलं ना!

चेंबरखाली: लागलं. पण तुमच्या हिशोबात नुसती गॅसकेट बदलून हेड परत कसलं असतं आणि लायनर गळतच राहिला असता. लायनर बसवल्यावर तो ब्लॉकच्या वर किती राहतो ते पुस्तकातल्या मापाशी फीलर गेजने ताडा. कमी भरला तर नवी गॅसकेटही टिकत नाही.

केळीबाग: तोवर रेडिएटरमध्ये दोन चमचे हळद टाका, आपल्याकडे सगळे टाकतात.

काळी_माती: रेडिएटरच्या नळीला केसाएवढी चीर असेल तर घटकाभर धरेलही. पण बोअरवेलच्या खारट पाण्याने नळ्या आधीच अर्ध्या बुजलेल्या, त्यात हळदीचा चिखल. मग तापतं म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून फेकणार!

केळीबाग: उन्हाळ्यात थर्मोस्टॅट हवाच कशाला?