जैतापूरचे सुरक्षा परीक्षण : बांधकामापूर्वी नेमके काय तपासले जाते?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)

सर्वांस नमस्कार. आमच्या अभ्यासमंडळात सध्या जैतापूर अणुवीज प्रकल्पावर वाचन चालू आहे. राजापूर तालुक्यातील माडबन परिसरात प्रत्येकी १७३० मेगावॅट क्षमतेच्या सहा फ्रेंच 'ईपीआर' (दाबाखालील पाण्यावर चालणाऱ्या) अणुभट्ट्या, म्हणजे एकूण १०,३८० मेगावॅट, असा हा प्रस्ताव आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये त्याला पर्यावरण मंजुरी मिळाली, मार्च २०११ मध्ये जपानमध्ये फुकुशिमाची अणुदुर्घटना घडली, आणि मुख्य बांधकाम अजून सुरू झालेले नाही. माडबन कोल्हापूरपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतच आहे आणि आमच्यापैकी अनेकांचे आजोळ किंवा सासर घाटाखाली असल्यामुळे हा विषय आम्हांला परका वाटत नाही.

चर्चा मात्र दरवेळी एकाच जागी अडते. काही सदस्यांचे म्हणणे असे की, अणुऊर्जा नियामक मंडळ परवानगी देईल तेव्हा सर्व तपासूनच देईल. इतरांच्या मते परीक्षण हा निव्वळ कागदोपत्री उपचार असतो. परीक्षणात नेमके काय पाहतात, हे मात्र दोन्हीकडच्या कोणालाच सांगता येत नाही. म्हणून जाणकारांना विचारतो. बांधकामाची परवानगी देण्यापूर्वी कोणती कागदपत्रे, कोण आणि कोणत्या क्रमाने तपासतो? कोयनेचा भूकंप ज्यांच्या घरातील वडीलधाऱ्यांनी अनुभवला, अशा आम्हा लोकांना भूकंपाच्या हिशेबाबद्दल काय समजून घेता येईल? आणि 'ही जागा नको' किंवा 'हा आराखडा बदला' असे सांगण्याची खरी संधी कोणत्या टप्प्यावर असते? प्रकल्प हवा की नको, हा वाद कृपया येथे आणू नये.

उत्तर १ (निवृत्त स्थापत्य अभियंता, ताराबाई पार्क)

माझी नोकरी पाटबंधारे खात्यात, बहुतांशी धरणांच्या पायाच्या कामावर झाली. अणुवीज केंद्राच्या उभारणीवर मी काम केलेले नाही, तरी जागेची तपासणी आणि पाया हे विषय दोन्हीकडे सारखेच असल्याने त्याविषयी लिहितो.

आपल्याकडे संमती टप्प्याटप्प्याने दिली जाते : जागेची निवड, बांधकाम, चाचण्या, प्रत्यक्ष संचालन आणि शेवटी केंद्र मोडीत काढणे. बांधकामाच्या संमतीचेही तीन भाग पडतात. आधी खोदकाम, मग काँक्रीटचा पहिला ओतकाम-टप्पा, आणि त्यानंतर मोठ्या यंत्रसामग्रीची उभारणी. भारतीय अणुऊर्जा महामंडळाने, म्हणजे प्रकल्प उभारणाऱ्याने, प्राथमिक सुरक्षा विश्लेषण अहवाल सादर करायचा असतो. तो आधी आराखड्याच्या सुरक्षेसाठी नेमलेल्या समितीपुढे, नंतर सल्लागार समितीपुढे आणि शेवटी खुद्द नियामक मंडळापुढे जातो. 'ही जागा नको' असे म्हणण्याची जागा पहिल्याच टप्प्यात आहे. आराखड्यात मूलभूत बदल सुचवायचा असेल, तर तो पहिले काँक्रीट पडण्यापूर्वी सुचवला गेला पाहिजे. आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच आहे, आणि पुढचे सगळे लिहिण्याचा खटाटोप हे उत्तर पटावे म्हणून आहे.

आता भूकंप. १९६७ पूर्वी दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने जवळजवळ निर्धोक मानले जात असे. कोयनेचे १०३ मीटर उंचीचे धरण त्या समजुतीला धरून ०.०५ एवढा भूकंप गुणांक (म्हणजे वजनाच्या ०.०५ पट आडवा जोर) घेऊन आखले होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे जो धक्का बसला, त्यात धरणावरील यंत्राने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट एवढे कमाल त्वरण नोंदवले. या दोन आकड्यांची थेट तुलना करणे शास्त्रशुद्ध नाही, कारण पहिला आकडा स्थितिक हिशेबातला आहे आणि दुसरा क्षणिक शिखराचा. तरीही गृहीतकात आणि वास्तवात किती अंतर पडू शकते, हे त्यावरून ध्यानात येते. धरण टिकले; मात्र वरच्या भागात, जेथे उताराचा कोन एकदम बदलतो, तेथे आडव्या भेगा पडल्या आणि पुढे आधारभिंती बांधून ते मजबूत करावे लागले. पुढे ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला भूकंप झाला, तो तर त्या वेळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात. म्हणून 'जैतापूर अमुक क्रमांकाच्या भूकंपक्षेत्रात येते' या विधानाने माझे समाधान होत नाही. क्षेत्रांचे नकाशे घरे आणि पूल यांच्यासाठी असतात. अणुवीज केंद्रासाठी त्या जागेचाच स्वतंत्र अभ्यास करावा लागतो, आणि दहा हजार वर्षांतून एकदा संभवेल एवढ्या तीव्रतेचा धक्का हिशेबात धरला जातो. पाच किलोमीटरच्या आत सक्रिय ठरू शकेल असा भ्रंश (खडक जिच्यावरून सरकतो ती भेग) आढळला, तर जागाच बाद होते.

या निकषात कसोटीचा प्रश्न पुराव्याचा आहे. माडबनचा सडा, म्हणजे तेथील खडकाळ पठार, जांभ्याचा आहे आणि जांभ्याखाली बेसाल्टचे थर आहेत. जांभ्याचे जाड आवरण असले, की खालच्या खडकातील जुनी हालचाल पृष्ठभागावर सहसा दिसत नाही. ती शोधायला चर खणावे लागतात, विंधनछिद्रे घ्यावी लागतात. आमच्या कामावर छिद्रातून निघालेले खडकाचे दंडगोल लाकडी पेटीत खोलीच्या क्रमाने मांडून ठेवत. दहा सेंटिमीटरपेक्षा लांब तुकड्यांची बेरीज करून खडकाची प्रत टक्क्यांत लिहिली जाई. बेसाल्टच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा लागला, की वरिष्ठ स्वतः येऊन पेटी पाहत आणि बहुधा आणखी छिद्रे घ्यायला सांगत. जैतापूरच्या बाबतीत मला मंजुरीच्या पत्रापेक्षा या पेट्यांच्या नोंदी आणि चरांचे नकाशे पाहायला आवडतील. रॉजर बिल्हॅम आणि विनोद गौर या भूकंपशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये 'करंट सायन्स'मधील लेखात असे मांडले होते की, जैतापूरजवळ सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप होण्याची शक्यता कमी असली तरी नाकारता येत नाही. अशा लेखाला परीक्षण समितीने मुद्देसूद लेखी उत्तर द्यावे आणि ते कोणालाही वाचता यावे, ही अपेक्षा वाजवी आहे.

काँक्रीटबद्दलही थोडे. याच जातीची अणुभट्टी फिनलंडमध्ये ओल्किलुओटो येथे २००५ पासून बांधली गेली. तेथे तळाच्या स्लॅबच्या काँक्रीटमध्ये पाण्याचे प्रमाण ठरल्यापेक्षा अधिक आढळले आणि तेथील नियामकाने चौकशी करून त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. काँक्रीटचे मिश्रण बिघडणे ही गोष्ट आमच्या व्यवसायात नवलाची नाही. ती पकडणारा माणूस ठेकेदाराच्या आणि मालकाच्या दबावापासून मोकळा आहे की नाही, हे मी आधी पाहीन.

उत्तर २ (भौतिकशास्त्राची अध्यापिका, शाहूपुरी)

वरील सरांनी पायाचे सविस्तर लिहिले आहे. मी अणुभट्टीच्या गाभ्याबद्दल, म्हणजे इंधन असलेल्या भागाबद्दल लिहिते. अणुभट्टी बंद केली म्हणजे उष्णता थांबते, हा समज मला वर्गात दरवर्षी आढळतो. साखळी अभिक्रिया थांबते, परंतु विखंडनातून तयार झालेल्या किरणोत्सारी द्रव्यांचा ऱ्हास चालूच राहतो. बंद होताक्षणी ही ऱ्हास-उष्णता पूर्ण शक्तीच्या सहा ते सात टक्के असते. ईपीआरची औष्णिक शक्ती साडेचार हजार मेगावॅटहून अधिक आहे, म्हणजे बंद पडलेल्या एका अणुभट्टीतूनही सुरुवातीला सुमारे तीनशे मेगावॅट उष्णता बाहेर काढावी लागते. एक दिवसानंतरही ती वीस मेगावॅटच्या आसपास उरते. परीक्षणाचा मोठा भाग ही उष्णता वीज गेल्यावरही निघत राहील का, याच एका प्रश्नाभोवती फिरतो.

फुकुशिमात भूकंपाने अणुभट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या, बाहेरची वीज गेली आणि डिझेल जनित्रेही सुरू झाली. त्यानंतर पाऊण तासाच्या सुमारास चौदा मीटरच्या आसपास उंचीच्या लाटा आल्या आणि तळघरांतील जनित्रे व वीजवाहक फलक पाण्याखाली गेले. पाचव्या व सहाव्या अणुभट्ट्या वाचल्या, त्या सहाव्या अणुभट्टीच्या हवेने थंड होणाऱ्या एका जनित्रामुळे. ते उंचावर होते आणि त्याला समुद्राच्या पाण्याची गरज नव्हती. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो, कारण जनित्रे किती आहेत यापेक्षा ती एकमेकांपासून किती वेगळी आहेत, याला महत्त्व आहे हे त्यातून दिसते.

ईपीआरच्या आराखड्यात चार स्वतंत्र सुरक्षा-प्रणाली चार वेगळ्या इमारतींत आहेत, दुहेरी भिंतीचे कंटेनमेंट (किरणोत्सार आत रोखणारे कवच) आहे आणि वितळलेला गाभा पसरून थंड व्हावा यासाठी तळाशी खास जागा आहे. या गोष्टी खऱ्या आणि मोलाच्या आहेत. माडबनचा सडाही समुद्रसपाटीपासून बराच उंच आहे. परंतु तेथे सहा अणुभट्ट्या शेजारी-शेजारी असतील आणि शीतकरणाचे पाणी एकाच समुद्रातून घेतले जाईल. एकाच घटनेने सहाही एकदम अडचणीत आल्या तर प्रशिक्षित माणसे, पंप आणि डिझेल पुरेल का, हे प्रत्येक अणुभट्टीचा वेगळा अहवाल वाचून कळत नाही. परीक्षणात संपूर्ण आवाराचा एकत्रित विचार केला आहे का, असे अभ्यासमंडळाने जरूर विचारावे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पहिल्या काँक्रीटपूर्वी आक्षेप नोंदवायला हवेत, हे लक्षात आले. परंतु नंतर एखादा गंभीर दोष सापडला, तर नियामक काम थांबवू शकतोच ना? मग घाई कशासाठी, असा प्रश्न आमच्या अभ्यासमंडळात निश्चित येईल.

उत्तर ३ (वकील, नागाळा पार्क)

कायद्याने थांबवू शकतो. व्यवहारात ते फार अवघड जाते. फ्रान्समधील फ्लामांव्हिल येथील ईपीआरचे उदाहरण पाहावे. तेथील अणुभट्टीच्या दाबपात्राच्या (ज्यात गाभा असतो त्या पात्राच्या) पोलादात, झाकणात आणि तळात, कार्बनचे प्रमाण ०.२२ टक्क्यांऐवजी काही ठिकाणी ०.३० टक्क्यांपर्यंत आढळले. कार्बन वाढला की पोलादाचा चिवटपणा कमी होतो. ही बाब एप्रिल २०१५ मध्ये जाहीर झाली, तेव्हा दाबपात्र आवारात बसवून झालेले होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये फ्रेंच नियामकाने ते वापरण्यास मान्यता दिली आणि झाकण २०२४ अखेरपर्यंत बदलण्याची अट घातली. पुढे ती मुदतही वाढवून देण्यात आली. नियामकाने चाचण्या करवून घेतल्या, माहिती दडवली नाही, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. तरीही ते पात्र कारखान्यात असतानाच नाकारले गेले असते तर निर्णय कितीतरी सोपा झाला असता. वेळेवर केलेले परीक्षण मी आग्रहाने मागतो, ते याच कारणाने.

दुसरा मुद्दा परीक्षकाच्या स्वातंत्र्याचा. आपले नियामक मंडळ नोव्हेंबर १९८३ मध्ये सरकारी आदेशाने स्थापन झाले. ते अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होते, आणि आयोगाचे अध्यक्ष हेच अणुऊर्जा विभागाचे सचिव असतात, ज्या विभागाच्या अखत्यारीत महामंडळही येते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात या रचनेवर आणि मंडळाला नियम करण्याचा अधिकार नसण्यावर स्पष्ट शब्दांत बोट ठेवले. अणुसुरक्षेसाठी स्वतंत्र नियामक प्राधिकरण नेमण्याचे २०११ चे विधेयक लोकसभेची मुदत संपल्याने बारगळले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या अणुऊर्जेविषयीच्या 'शांती' कायद्याने नियामक मंडळाला वैधानिक दर्जा दिला आहे. कागदावर हा मोठा बदल आहे. मात्र परीक्षण समित्यांत कोणाला घेतात आणि त्यांचे मतभेद नोंदले जातात का, यावरच मी त्याचे मोल ठरवीन.

तिसरे, कागदपत्रे. ब्रिटनने याच ईपीआर आराखड्याचे परीक्षण २००७ पासून डिसेंबर २०१२ पर्यंत केले. त्यात आराखडा सादर करणाऱ्या कंपनीची कागदपत्रे व्यापारी गुपिते वगळून संकेतस्थळावर ठेवली गेली, आणि नागरिकांनी विचारलेल्या प्रश्नांना कंपनीने उत्तरे द्यावीत अशी व्यवस्था होती. दरम्यान २००९ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि फिनलंड यांच्या नियामकांनी संयुक्त निवेदन काढून नियंत्रण-प्रणाली आणि सुरक्षा-प्रणाली एकमेकींपासून पुरेशा स्वतंत्र नाहीत, असे कंपनीला बजावले आणि आराखड्यात सुधारणा झाल्या. आपल्याकडे तमिळनाडूतील कूडनकुलम अणुवीज केंद्राचा जागा-मूल्यांकन अहवाल आणि सुरक्षा विश्लेषण अहवाल खुले करण्याचा आदेश केंद्रीय माहिती आयोगाला एप्रिल २०१२ मध्ये द्यावा लागला. त्याच कूडनकुलममध्ये २०१३ साली चाचण्यांच्या वेळी चार झडपा सदोष आढळल्या आणि नियामक मंडळाने त्या बदलायला लावल्या. म्हणजे मंडळ काहीच करत नाही, हेही म्हणणे खरे नाही. अभ्यासमंडळाने माहिती अधिकारात अर्ज करायचा झाल्यास जागा-मूल्यांकन अहवालापासून सुरुवात करावी. त्यात व्यापारी गुपित असण्याचे कारण नाही, त्यामुळे नकार देणे तुलनेने कठीण जाईल.

उत्तर ४ (मलकापूर, ता. शाहूवाडी)

एक मुद्दा सुटला आहे, तो आमच्या भागाचा. आपत्कालीन नियोजनाचे क्षेत्र प्रकल्पापासून सोळा किलोमीटरचे धरले जाते. त्यात कोल्हापूर जिल्हा येत नाही, म्हणून आपला संबंध नाही असे येथे सर्रास समजले जाते. पण राजापूर तालुक्यातील लोकांना हलवायची वेळ आलीच, तर मुंबई–गोवा महामार्गाखेरीज वाट उरते ती घाट चढून देशावर येण्याची, म्हणजे अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ आणि फोंडा घाटांनी. आम्ही अणुस्कुऱ्याच्या वाटेवरच राहतो. पावसाळ्यात दरड कोसळून यांतला एखादा घाट बंद पडणे ही नित्याची बाब आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात तर कोल्हापूरजवळ पुणे–बंगळूर महामार्गच पाण्याखाली गेला होता. फुकुशिमाच्या वेळी वायव्येकडे सुमारे चाळीस किलोमीटरवरचे इताते गाव रिकामे करावे लागले, कारण वारा आणि पाऊस यांनी किरणोत्सारी धूळ तिकडे नेली. आपल्याकडे पावसाळ्याचे वारे कोकणातून घाटाकडेच येतात.

लोकांना हलवण्याची योजना जिल्हा प्रशासनाने करायची असते आणि तिची तालीम इंधन भरण्यापूर्वी होते. परंतु घाटरस्ते रुंद करणे, दरडी रोखणे, देशावर निवाऱ्याच्या जागा ठरवणे ही कामे काही वर्षांची आहेत. ती रत्नागिरीच्या कागदांत लिहून होणार नाहीत. कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना त्यात आताच सामील करून घ्यावे लागेल. अभ्यासमंडळाने अर्ज लिहिताना जुलै महिन्यात अणुस्कुरा घाट बंद असताना नाटे, साखरी आणि माडबन येथील माणसे कोणत्या रस्त्याने आणि किती तासांत बाहेर पडतील, हा प्रश्न अवश्य घालावा. अर्जाचा मसुदा येथे टाकल्यास घाटरस्त्यांची गावनिहाय माहिती मी लिहून देईन.