शब्दचर्चा : विडंबन, नक्कल की विटंबना? आकडेवारीच्या थाटातल्या पोस्टना काय म्हणावं

प्रश्न

माझा धाकटा भाऊ क्रिकेटच्या आकडेवारीच्या थाटात घरातल्या गोष्टींवर पोस्ट लिहितो. परवाची ही बघा :

"3 – गेल्या 4 रविवारांत आईने सकाळी 9 च्या आत 3 वेळा मटण शिजत घातले. 2019 नंतर, ऐन पावसाळ्यात, सिलिंडर संपलेल्या आठवड्यात असा पराक्रम करणारी ती घराण्यातली पहिलीच सून ठरली. दणदणीत."

आई खूश झाली. बाबा म्हणाले, "कसली ही नक्कल!" आत्या मात्र रागावली, "वहिनीची विटंबना चालवली आहे नुसती." मी 'पॅरडी' म्हणून वेळ मारून नेली. मराठीत याला नेमकं काय म्हणायचं?

उत्तर

विडंबन. पण तुमच्या आत्याबाईंनी वापरलेला शब्द सहज सोडून देण्यासारखा नाही, तिथूनच सुरुवात करतो.

विडंबन आणि विटंबना ही एकाच घरची भावंडं. संस्कृतात 'विडम्ब्' म्हणजे मुळात अनुकरण करणं, दुसऱ्याचं रूप घेणं. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात शरद ऋतू येतो तो पांढऱ्या कमळांचं छत्र आणि फुललेल्या काशाच्या गवताच्या चवऱ्या घेऊन, म्हणजे थेट रघुराजाच्या थाटात. कालिदास म्हणतो, ऋतूने त्याचं विडंबन केलं, पण त्याची शोभा काही त्याला गाठता आली नाही. इथे टिंगल कुठेच नाही. उलट ज्याचं अनुकरण झालं, त्याचाच मान वाढला. हसं करणं, फजिती करणं हा अर्थही संस्कृतातच या शब्दाला चिकटला होता. मराठीने पुढे दोन वाटा केल्या. पुतळ्याची, मूर्तीची, प्रेताची होते ती विटंबना. कवितेचं, शैलीचं होतं ते विडंबन. हिंदीत 'विडंबना' म्हणजे दैवाचा विचित्र खेळ, आणि अलीकडे मराठी बातम्यांतही "ही केवढी विडंबना" असं वाचायला मिळतं. मला ते खटकतं. त्यासाठी आपल्याकडे 'दैवदुर्विलास' आहे, आणि साधं 'काय हे नशीब' तर आहेच.

नक्कल हा शब्द अरबीतून आला. दाखल्याची नक्कल, सातबाराची नक्कल, म्हणजे बरहुकूम प्रत. माणसाची नक्कल करतात तेव्हा त्याचा आवाज, चाल, मान वेळावण्याची लकब उचलतात. तुमच्या भावाने कुणा एका माणसाची लकब उचललेली नाही. त्याने एक भाषा उचलली आहे. विडंबनाचं हेच वैशिष्ट्य, आणि मराठीला हे केशवकुमारांनी, म्हणजे आचार्य अत्र्यांनी, 'झेंडूची फुले'मध्ये शिकवलं. कवितेचा छंद, शब्दांचा डौल, उसासे सगळं जसंच्या तसं, फक्त विषय जमिनीवर आणलेला. मूळ कविता ज्याच्या कानात पक्की बसलेली नाही, त्याला हे जमत नाही.

आता पोस्टकडे या. तिचं डोकं आणि शेपूट ब्रिटनमधलं आहे. 'ऑप्टा' या फुटबॉलच्या आकडेवारीसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीचं 'एक्स'वर (पूर्वीचं ट्विटर) 'ऑप्टाजो' नावाचं खातं आहे. तिथला साचा असा : आधी आकडा, मग आडवी रेघ, मग माहिती आणि शेवटी एकच शब्द. या साच्यावर इंग्रजीत चिक्कार विडंबनं झाली आहेत, कारण तो पाठ व्हायला दोन पोस्ट पुरतात.

पोस्टचा मधला भाग मात्र अस्सल मराठी क्रीडापानाचा आहे, आणि त्याचा जीव एका क्रियापदात आहे : ठरणे. आपला खेळाडू पहिला 'होत' नाही, तो पहिला 'ठरतो'. 7 मार्च 1987 ला अहमदाबादला सुनील गावसकर कसोटीत 10,000 धावा करणारा पहिला फलंदाज ठरला. 'ठरला' म्हटलं की कुणीतरी वही उघडून, मागची सगळी पानं तपासून निवाडा दिल्यासारखं वाटतं. शिवाय मराठीत सगळ्या अटी नामाच्या आधी येतात. परदेशात, चौथ्या डावात, डावखुऱ्या फिरकीपटूने, नाणेफेक हरल्यावर... वाचणारा एकेक पायरी चढत जातो आणि क्रियापद शेवटच्या पायरीवर भेटतं. इंग्रजीत पराक्रम आधी कळतो, अटी मागून लोंबतात. म्हणून मराठीत हे विडंबन जास्त रंगतं, असं माझं ठाम मत आहे. 'सिलिंडर संपलेल्या आठवड्यात' ही अट तुमच्या भावाने नेमक्या जागी टाकली आहे. 'दणदणीत'सुद्धा छान, तो शब्द विजयाच्या मथळ्यात मुरलेला आहे.

अटींची रास हास्यास्पद वाटते खरी, पण खरे आकडेही कधीकधी विडंबन वाटावेत असे असतात. भारताचे फिरकीपटू बापू नाडकर्णी यांच्या गोलंदाजीचं पृथक्करण पाहा. मद्रास कसोटी, जानेवारी 1964, समोर इंग्लंड : 32 षटकं, 27 निर्धाव, 5 धावा, 0 बळी. त्यात ओळीने 21 निर्धाव षटकं. हे कुणी आज गंमत म्हणून लिहिलं असतं, तर "जरा पटेल असं लिही" म्हणून आपण त्यालाच सुनावलं असतं.

शंका

एवढा मोठेपणा कशाला द्यायचा? आमच्या सोसायटीच्या गटावर एका रणजीपटूच्या नावाने असाच आकडा फिरत होता. दोन काका तासभर भांडले, त्यातले एक अजून बोलत नाहीत. शेवटी कळलं की कुणीतरी गंमत म्हणून लिहिलं होतं आणि पुढे पाठवता पाठवता तळाची ओळ कापली गेली. तेही विडंबनच ना?

उत्तर

लिहिलं तेव्हा असेल. तुमच्या काकांपर्यंत पोहोचलं तेव्हा ती लोणकढी थाप झाली होती. विडंबनात वाचणाऱ्याला मूळ आणि सोंग दोन्ही एकाच वेळी दिसावी लागतात. सोंगच मूळ म्हणून खपलं, की त्याला बनावट आकडा म्हणावं, दुसरा शब्द शोधू नये. 2025 च्या जानेवारीत 'एक्स'ने विडंबन खात्यांवर तशी पट्टी लावायची सोय केली. ती खात्यावर दिसते. पोस्टचा तुकडा कापून व्हॉट्सॲपवर टाकला, की पट्टी मागे राहते. म्हणून खूण मजकुरातच हवी. 'घराण्यातली पहिलीच सून' वाचून कुणीही फसणार नाही. रणजीपटूच्या नावापुढे टाकलेला पटण्याजोगा आकडा मात्र कुणालाही फसवेल.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. थाट उसना घ्या, पण आकडा खरा ठेवा. ऑस्ट्रेलियाचा फलंदाज डॉन ब्रॅडमनची कसोटीतली सरासरी 99.94 आहे. 1948 ला ओव्हलवर शेवटच्या डावात तो शून्यावर बाद झाला. 4 धावा झाल्या असत्या तर सरासरी बरोबर 100 झाली असती. इतक्या वर्षांत कुणी ती 100 करून टाकली नाही. आकडेवारी ठेवणाऱ्या लोकांचा सगळा धर्म त्या दोन दशांश स्थळांत आहे. त्यांच्या भाषेचं विडंबन करताना मोजणीत लबाडी केली, तर उरतो तो नुसता पोकळ आवाज.

जाता जाता, या मंडळींना काय म्हणावं हेही पाहू. सामना चालू असताना चेंडूगणिक नोंद करतो तो गुणलेखक. बिल फ्रिंडॉल 1966 पासून 2009 मध्ये वारले तोवर बीबीसी रेडिओवर हेच काम करत होते. जुन्या नोंदी चाळून अर्थ काढतो तो आकडेतज्ज्ञ. 'सांख्यिकीतज्ज्ञ' विद्यापीठात शोभतो, क्रीडापानावर जड होतो. 'आकडेवाला' मात्र नको. आकडा लावणं म्हटलं की आपल्याकडे मटका आठवतो.

मूळ प्रश्नकर्ता

आभार. आत्या शेजारच्याच इमारतीत राहते. तिला संध्याकाळी जाऊन शरद ऋतूची गोष्ट सांगितली. तिने पोस्ट पुन्हा वाचायला मागितली, चष्मा लावून नीट वाचली आणि म्हणाली, "आकडा चुकलाय. मधल्या रविवारी तुम्ही दोघं ट्रेकला गेला होतात. त्याही दिवशी वहिनीने साडेआठला कुकर लावला होता, माझ्याकडे डबा आला होता." आईला विचारलं, ती हो म्हणाली.

भावाने रात्रीच पोस्ट बदलली. आता सुरुवात "4 – गेल्या 4 रविवारांत" अशी आहे, 'दणदणीत' काढून 'निर्विवाद' घातलं आहे आणि खाली लिहिलं आहे, "दुरुस्ती : आत्या, गुणलेखक."