पाय पसरून जमिनीवर बसून डंबेल प्रेस : खांद्याचा व्यायाम की कंबरेची परीक्षा?

पडवीकर
नमस्कार. मी दापोली तालुक्यातल्या एका गावात राहतो. वय ३८. उन्हाळ्यापर्यंत शहरातल्या व्यायामशाळेत टेकू असलेल्या बाकावर बसून, प्रत्येक हातात साडेबारा किलोचे डंबेल घेऊन आठ वेळा प्रेस (म्हणजे वजन खांद्यापासून डोक्यावर ढकलणे) करत असे. पाऊस लागल्यापासून तिकडे जाणे सुटले आणि व्यायाम घरच्या पडवीत आला. पडवीचे छप्पर इतके उतरते आहे की उभ्याने हात वर केले की डंबेल वाशाला लागते (एक कौल आधीच बळी गेले आहे), आणि घरी बाक नाही. म्हणून कोब्यावर पाय पसरून, पाठीला कशाचाही आधार न घेता करायचा ‘झी प्रेस’ सुरू केला. पहिल्या दिवशी दहा किलो घेतले, तर तिसऱ्याच वेळेस मागे कलंडलो. आता साडेसातवर आलो आहे, तरी खांदे थकण्याआधी कंबर आणि मांड्यांची मागची बाजू दाद मागते. जो प्रकार खांद्यापर्यंत पुरेसा भार पोहोचूच देत नाही, त्याला खांद्याचा व्यायाम का म्हणावे?

भाट्याचा वारा
मी रत्नागिरीत व्यायाम शिकवतो. या प्रकाराला नाव मिळाले ते लिथुआनियाच्या झिद्रूनास साविकास यांच्यावरून. ‘जगातील सर्वांत बलवान पुरुष’ ही स्पर्धा त्यांनी २००९, २०१०, २०१२ आणि २०१४ अशी चार वेळा जिंकली. बाकावर वजन जड झाले की आपण नकळत टेकूवर रेलतो आणि छातीचा वरचा भाग मदतीला घेतो. उभ्याने करताना गुडघ्यांतून हलका झटका देतो. जमिनीवर या दोन्ही पळवाटा बंद होतात, त्यामुळे साडेबारावरून साडेसातवर येण्यात कमीपणा मुळीच नाही. एक सूचना मात्र आवर्जून करतो. बाकावर डंबेल मांडीवर ठेवून गुडघ्याच्या धक्क्याने खांद्यापाशी आणता येते, तशी सोय इथे नाही. दोन्ही बाजूंना लहान स्टूल ठेवून एकेक डंबेल उचला आणि एकेकच खाली ठेवा. जमिनीवरून वाकून उचलताना कंबर भरण्याचा धोका प्रेसपेक्षा जास्त असतो.

वाशिष्ठीकाठी
मी चिपळूणला फिजिओथेरपिस्ट आहे. वरील उत्तराशी सहमत आहे, पण तुमची अडचण ताकदीची कमी आणि लवचिकपणाची अधिक वाटते. मांडीमागचे स्नायू बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याखाली जोडलेले असतात, त्यामुळे गुडघे सरळ ठेवून बसले की ते दोन्ही टोकांनी ताणले जातात. ते आखूड असतील तर खुब्याचा भाग मागे खेचला जातो, कंबर गोल होते आणि तिच्यामागोमाग पाठीचा वरचा भागही वाकतो. याचा खांद्याशी थेट संबंध आहे. हात पूर्ण वर जाताना होणाऱ्या सुमारे १८० अंशांपैकी जवळपास १२० अंश खांद्याच्या सांध्यातून आणि ६० अंश खवाट्याच्या फिरण्यातून येतात. पाठ वाकलेली असली की खवाट्याला नीट फिरता येत नाही, मग ती उणीव आपण कंबर मागे टाकून भरून काढतो.

उपाय सोपा आहे. जेवायच्या पाटावर सतरंजीची घडी ठेवून त्यावर बसा, पाय फाकवा आणि गुडघे किंचित वाकवा. कोपरे अगदी बाजूला न ठेवता सुमारे ३० अंश पुढे आणा. आधी रिकामे हात वर नेऊन पाहा; तेही ताठ बसून जमत नसेल तर डंबेल हातात घेऊ नये. खांद्यात रात्री ठणका लागत असेल किंवा हात उचलताना बळ कमी पडत असेल, तर प्रयोग थांबवून प्रत्यक्ष तपासून घ्या.

रापण
मालवणहून लिहितो आहे. खांदे रुंद दिसावेत एवढाच हेतू असेल, तर हा प्रकार लांबचा रस्ता आहे असे माझे स्पष्ट मत आहे. कोणत्याही प्रेसमध्ये डेल्टॉइडच्या, म्हणजे खांद्यावरच्या गोल स्नायूच्या, पुढच्या भागाला मोठा वाटा मिळतो; रुंदी देणाऱ्या बाजूच्या भागासाठी हलकी वजने बाजूने उचलण्याला पर्याय नाही, आणि ते तुमच्या पडवीत वाशाला न लागता होईल. मी स्वतः हा प्रेस करतो तो वेगळ्या कारणाने. आमच्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मासेमारीचे मोठे जाळे, ओढणाऱ्यांना ओढण्याची सवय असते, डोक्यावर ढकलण्याची नसते, आणि ताठ बसून ढकलताना ती तफावत लगेच कळते.

खाऱ्या हवेत डंबेल गंजू नयेत म्हणून खोबरेल लावत असाल, तर मुठीला लावू नका. माझ्या हातून एकदा निसटले. पाऊल थोडक्यात वाचले.

पडवीकर
तीन आठवड्यांनी लिहितो आहे. पाट आणि सतरंजी घेतल्यापासून साडेसात किलोचे आठ-आठचे तीन सेट ताठ बसून होतात आणि शेवटच्या सेटमध्ये प्रथमच कंबरेआधी खांदे थकले. बाजूने हात उचलण्याचा व्यायामही चार किलोने सुरू केला आहे. आता पाट काढावा की दहा किलोवर जावे?

वाशिष्ठीकाठी
आधी सतरंजी काढा, मग पाट, मग वजन वाढवा. यांतल्या कोणत्याही दोन गोष्टी एकाच आठवड्यात करू नका.