प्रार्थनेला गुण द्यावेत का? कॅथोलिक शाळेतील जागतिक धर्म आणि व्यक्तिगत अध्यात्म

धर्मशिक्षिका (धाग्याची सुरुवात)

कॅथोलिक शाळांच्या वरच्या वर्गांत जागतिक धर्मांची ओळख आणि विद्यार्थ्यांचे व्यक्तिगत अध्यात्म हे दोन विषय अनेकदा एकाच तासिकेत कोंबले जातात. माझा आक्षेप या कोंबण्याला आहे. एकदा माझ्याकडे दुसऱ्या शिक्षकाने तपासलेल्या तीस वह्यांचा गठ्ठा आला. प्रश्न होता, ‘प्रार्थनेचा एक अनुभव लिहा, गुण १०.’ जवळजवळ प्रत्येक वहीत मेणबत्ती होती, गाढ शांतता होती आणि शेवटी डोळ्यांत पाणी होते. एका मुलाने मात्र लिहिले होते, ‘डोळे मिटून बसलो, काही जाणवले नाही, मग घंटा झाली.’ त्याला ४ गुण मिळाले होते. त्या गठ्ठ्यातले खात्रीने खरे वाटावे असे तेवढे एकच उत्तर होते.

इस्लामचे पाच स्तंभ किंवा बौद्धांची चार आर्यसत्ये यांची परीक्षा जरूर घ्यावी, आणि ती कडक घ्यावी. प्रार्थनेला मात्र वेळ द्यावा, जागा द्यावी, गुण देऊ नयेत. शाळेतील धर्माचे अध्यापन आणि श्रद्धाशिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे व्हॅटिकनच्या १९८८ च्या शिक्षणविषयक दस्तऐवजातच म्हटले आहे. श्रद्धाशिक्षणात ऐकणाऱ्याने तो संदेश तारक म्हणून स्वीकारला आहे असे गृहीत असते, तर शाळेचे काम ज्ञान देण्याचे असते.

एक पालक

गुणांबद्दल आपण म्हणता ते मान्य आहे, पण मूळ प्रश्न क्रमाचा आहे. ज्या मुलाला सात साक्रामेंतांपैकी (बाप्तिस्मा, विवाह यांसारख्या कॅथोलिक संस्कारविधींपैकी) चारच आठवतात, त्याच्यापुढे पाच धर्मांची मांडणी ठेवली तर त्याच्या मनात तुलना उभी राहत नाही, केवळ एक यादी तयार होते आणि त्या यादीत त्याचा स्वतःचा धर्मही एक ओळ होऊन बसतो. अमेरिकेतील बिशपांनी २००८ मध्ये माध्यमिक वर्गांसाठी जो आराखडा दिला, त्यात सहा मुख्य पाठ्यक्रम ख्रिस्त, ख्रिस्तसभा, साक्रामेंत, नैतिक जीवन अशा विषयांवर आहेत आणि आंतरधर्मीय प्रश्न ऐच्छिक विषयांत आहेत. हा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. तसेच ‘नॉस्त्रा एताते’ या इतर धर्मांविषयीच्या १९६५ च्या व्हॅटिकन घोषणापत्रातील अर्धेच म्हणणे नेहमी सांगितले जाते. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, एवढे सर्वांना पाठ असते. त्याच परिच्छेदात ख्रिस्त हाच मार्ग, सत्य आणि जीवन असल्याची घोषणा तिने अखंड करावी असेही आहे, ते कोणी वाचत नाही.

इतिहासप्रेमी

वरील पालकांनी त्याच घोषणापत्राचा चौथा परिच्छेदही वाचावा. ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सरसकट सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येत नाही, हे तिथे स्पष्ट झाले. त्याआधी १९५९ मध्ये तेविसाव्या पोप जॉननी गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतून यहुद्यांना उद्देशून असलेले ‘अविश्वासू’ हे विशेषण काढून टाकले होते. ‘आधी आपले, मग इतरांचे’ हा क्रम यहुदी धर्माच्या बाबतीत टिकत नाही, कारण आपले शिकवतानाच आपण त्यांच्याविषयी शिकवत असतो, आणि तेही बहुधा चुकीचे. कित्येक वर्गांत हा धर्म जुन्या कराराबरोबर संपतो. नंतरचा यहुदी धर्मग्रंथ तालमूद नाही, शब्बाथ या साप्ताहिक विश्रामदिनाची शुक्रवारची संध्याकाळ नाही. जणू पहिल्या शतकानंतर ही माणसे जगलीच नाहीत.

तटस्थतेचा विरोधक

धागाकर्तीचा कप्पेबंदपणा मला पटत नाही. ज्ञान एका कप्प्यात आणि श्रद्धा दुसऱ्या कप्प्यात असे वर्गात होत नसते, कारण शिकवणारा माणूस एकच असतो. कॅनडात क्वेबेक सरकारने २००८ मध्ये नीतिमूल्ये आणि धर्मसंस्कृतीचा अभ्यासक्रम सक्तीचा केला, तेव्हा मॉन्ट्रियलमधील लोयोला ही जेझुइट या कॅथोलिक धर्मसंघाची शाळा न्यायालयात गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये निर्णय दिला की, कॅथोलिक शाळेला स्वतःचा धर्मही तटस्थपणे शिकवायला लावणे हा धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे.

धर्मशिक्षिका

त्या निकालाचे दुसरे अंगही सांगायला हवे होते. इतर धर्मांचे नीतिविचार त्या शाळेने वस्तुनिष्ठपणे आणि आदराने शिकवावेत, ही अपेक्षा न्यायालयाने गैर मानली नाही. म्हणजे आपल्या घरात आपल्या आवाजात बोला, पण शेजाऱ्याचे म्हणणे त्याचेच म्हणून सांगा. मीही याहून वेगळे काही मागत नाही. यहुदी धर्माबद्दलचा मुद्दा मात्र पूर्णपणे मान्य आहे. माझ्या स्वतःच्या टिपणांतही तालमूद बरीच वर्षे एका ओळीत उरकलेले होते.

एक पालक

गुण नकोत, मान्य. पण ज्याला गुण नाहीत ते कोणी वाचतही नाही, हे शाळेचे वास्तव आहे. ४ गुण देणाऱ्या शिक्षकाने निदान ते उत्तर वाचले तरी. शिवाय गुणांचा धाक गेला की त्या तासिकेत कोठून तरी उचललेली ध्यानपद्धती येते. कार्डिनल रात्सिंगर (पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांच्या सहीच्या १९८९ च्या व्हॅटिकनच्या पत्राने झेन, योग आणि भावातीत ध्यान यांबाबत सावध केले होते, ते उगाच नव्हे.

धर्मशिक्षिका

त्या पत्राने सरसकट मनाई केलेली नाही. ख्रिस्ती प्रार्थनेचा गाभा झाकोळला जाणार नसेल, तर उपयुक्त ते घेता येते असेही त्यात आहे. तरी पौगंडावस्थेतील मुलांसमोर मी आधी आपल्याच कोठारातले ठेवीन. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या रोजच्या आत्मपरीक्षणात विशेष काही जाणवलेच पाहिजे अशी अट नसते. सरलेला दिवस कृतज्ञतेने आणि प्रामाणिकपणे पुन्हा पाहायचा असतो.

वाचण्याबद्दल आपण म्हणता ते खरे आहे. त्या मुलाच्या उत्तराखाली मी गुणांना हात न लावता पेन्सिलीने लिहिले होते, ‘घंटेनंतर काय झाले?’ वही परत आली तेव्हा त्याखाली लिहिलेले होते, ‘फुटबॉल. माझ्यामुळे गोल गेला, पण कोणी ओरडले नाही.’ त्याच्याशी बोलायला मी तिथूनच सुरुवात केली.