कामाचे बूट, डोंगराचे बूट: नागपूरकरांनो, अनुभव लिहा

धागाकर्ता, हिंगणा
उन्हाळ्यात पंचेचाळीस डिग्रीत पत्र्याच्या शेडखाली कारखान्याची पाळी, पावसाळ्यात काळी माती, आणि सुटी मिळाली की चिखलदरा नाहीतर पचमढी. आपल्याकडे बुटाला एवढं सोसावं लागतं आणि खिशात बहुतेकांच्या दोन-अडीच हजारच असतात. पुण्या-मुंबईचे सल्ले सह्याद्रीतल्या पावसाचे, ते आपल्याला अर्धेच लागू पडतात. मॉडेलचं नाव नाही लिहिलं तरी चालेल. काम काय, बूट किती टिकला, बुटाचा कोणता भाग आधी गेला, तेवढं सांगा.

माझं काम मेंटेनन्सचं, पाळीभर काँक्रीटवर. मी आधी सोल बघतो, चामडं नंतर. सात-आठशेत पीव्हीसी सोलचा सेफ्टी बूट मिळतो, पण तो जड असतो आणि तेलावर घसरतो. आणखी तीन-चारशे टाकून डबल डेन्सिटी पीयू सोल (पॉलियुरेथेनचा, पायाकडे मऊ आणि खाली कडक अशा दोन थरांचा) घेतला की संध्याकाळी टाचेला आणि कंबरेला फरक कळतो. बुटावर आयएसआय मार्क आणि आयएस १५२९८ हा सेफ्टी बुटांच्या भारतीय मानकाचा नंबर असायला हवा. त्यातल्या स्टील टोला, म्हणजे बोटांवरच्या पोलादी टोपीला, २०० ज्यूलचा मार सोसावा लागतो, म्हणजे साधारण २० किलोचं वजन एक मीटरवरून पडावं तेवढा.

फाउंड्रीवाला
भाऊ, तुमच्याकडे पीयू ठीक आहे. आमच्याकडे गरम चुरा पडला की पीयूले भोकं पडून राहतात. आम्हाले नायट्रिल रबरचा सोल लागते. बुटावर एचआरओ, म्हणजे उष्णता सोसणारा सोल, असं लिहिलं आहे का ते पाहा, ३०० डिग्री गरम पृष्ठभागावर एक मिनिट ठेवून त्या सोलची चाचणी होते. वेल्डिंगवाल्यानं तर नाडीचा बूट घेऊच नये, ठिणगी नेमकी नाडीतच अडकते. वर झापड असलेला घ्या, झटक्यात काढताही येते. अन् एक सांगतो, कारखान्यात सेफ्टी बूट देणं मालकाचं काम आहे. ठेकेदार पगारातून कापत असन तर विचारा त्याले, काहून कापतो म्हणून.

साइट इंजिनीअर, वर्धा रोड
बाईमाणसाला साइटवरचा बूट मिळणं हीच मुळात कसरत. हार्डवेअरच्या दुकानात पाचच्या खाली नंबर नाही, आणि दुकानदार म्हणतो, ‘ताई, दोन मोजे घाला ना.’ दोन मोजे घातले तरी टाच आत सरकतेच आणि बोटं स्टीलवर घासतात. लेडीज फिटिंगचा बूट मागवावाच लागतो, दोन-तीनशे महाग पडतो.

सेफ्टी बुटावर एस१, एस३ असा वर्ग छापलेला असतो. शटरिंगच्या, म्हणजे स्लॅबच्या साच्याच्या फळ्यांतल्या, खिळ्यांसाठी एस१पी घ्या, त्यातल्या ‘पी’चा अर्थ तळाला खिळारोधक थर. साध्या एस१ मध्ये तो नसतो. पाण्यात-चिखलात काम असेल तर एस३: खिळारोधक थर असतोच, वरचं चामडंही पाणी लवकर शोषत नाही. पण मे महिन्यात तोच बूट आत भट्टीसारखा तापतो, हेही लिहून ठेवते.

वायरमन
ताईंच्या एस१ वरून आठवलं. त्यात अँटिस्टॅटिक गुण असतो, म्हणून आमच्यातले काही जण तो घालून बिनधास्त लाइनवर चढतात. अँटिस्टॅटिक म्हणजे अंगावरचा स्थिर भार जमिनीत सोडणारा. तो शॉकपासून वाचवत नाही. लाइनच्या कामाला इन्सुलेटेड बूट वेगळाच असतो, तोच मागा.

शनिवार-रविवार ट्रेकर
डोंगराकडे वळू या का? वॉटरप्रूफ हा शब्द ऐकला की आपण हजार रुपये जास्त मोजतो. आपल्याकडे ऑक्टोबर ते मे बूट कोरडेच राहतात, आणि वॉटरप्रूफ बुटात पाय घामानेच भिजतो. जाळीचा बूट ओढ्यात भिजतो खरा, पण तासा-दोन तासांत वाळतो. मी डेकॅथलॉनच्या सगळ्यात खालच्या किमतीच्या हायकिंग शूजवर गाविलगड, रामटेक, अंबागड सगळं केलं. आधी जातात त्या टाचेच्या आतल्या कापडाच्या कडा, सोल नंतर.

नंबर मात्र नेहमीपेक्षा अर्धा मोठा घ्या आणि संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय सुजतो. ट्रेकचेच मोजे घालून दुकानातल्या जिन्यावरून उतरून बघा. चढताना कुठलाही बूट चालतो, उतरताना बोटं पुढं आदळली की नख काळं पडलंच समजा. शेवटच्या दोन भोकांतून नाडीचा फास करून टाच बांधली की पाय पुढे सरकत नाही.

महालातले काका
तुमचं सगळं बरोबर, पण श्रावणात नागद्वारच्या यात्रेला येऊन पाहा. पचमढीच्या त्या डोंगरात पाऊस, शेवाळलेले दगड, लोखंडी शिड्या. महागड्या बुटांची पोरं घसरून राहतात आणि आपले यात्रेकरू शे-दोनशे रुपयांच्या प्लास्टिकच्या बुटात सरसर निघून जातात. पाणी शिरलं तसं निघून जाते, वजन काहीच नाही. मात्र घोट्याला आधार नाही आणि मोजा नसला तर कडा सोलून काढतात. मी सुती मोजा घालतो.

ट्रेकर
काका, ओल्या दगडावर तुमच्याशी पैज लावणार नाही! पण पाठीवर दहा किलो असलं तर मला बूटच पाहिजे.

निवृत्त सर्व्हेअर
माझा ट्रेकिंग बूट फाटला नाही, त्याच्या सोलचा भुगा झाला. कपाटात नीट गुंडाळून ठेवला होता, घालून अंगणात उतरलो आणि टाच मागेच राहिली. पीयू हवेतल्या ओलाव्यानं आतून तुटत जातो, वापरला नाही तरी. त्यामुळे सेलमधला जुना स्टॉक कितीही स्वस्त असला तरी तारीख बघावी. सेफ्टी बुटावर बनवल्याचं वर्ष आणि महिना किंवा तिमाही छापलेली असते. घेतलेला बूट घालत राहा, जपून ठेवायची ही वस्तू नाही.

धागाकर्ता
सर, हे लोकांना माहीतच नसतं. मोच्याबद्दल कोणी लिहील का? मी नवा बूट घेतल्याबरोबर कडेनं शिलाई मारून घेतो.

शेतीवाला, काटोल
रबरी सोलला कडा असेल तर शिलाई उत्तम, साठ-सत्तर रुपयांत काम होते. फोमसारख्या मऊ सोलात मारू नका, सुईच्या भोकातून तो फाटत जातो. आमच्याकडे खरा शत्रू काळी माती. ओल्या मातीत दोन-दोन किलो गोळा सोलला चिकटते, म्हणून खोल अन् दूरदूर खाचांचा सोल घ्या, बारीक खाचांत माती बसली की बाहेर निघत नाही. घरी आल्यावर ओलं असतानाच काडीनं काढा, वाळली की सिमेंट. मग आत पेपरचे बोळे कोंबून सावलीत ठेवा. गच्चीवरच्या उन्हात ठेवला की आधी डिंक सुटते, मग चामडं तडकते. पेपर तासाभरानं बदला, पहिला गच्च होऊन जाते.