राउटरचं डीएचसीपी (आपोआप आयपी पत्ते वाटणं) तसंच ठेवून नेटवर्कवरून ओएस टाकता येते का?

दादरची_लॅब: मंडळी, क्लासच्या लॅबमधल्या सगळ्या पीसींवर उबुंटू टाकायचंय, पेनड्राइव्ह घेऊन एकेका टेबलाखाली वाकायचा कंटाळा आलाय. पीएक्सई, म्हणजे पीसी थेट नेटवर्कवरून बूट करायचं म्हणतोय पण आयपी राउटर देतो आणि त्यात बूटफाइलचं (पीसी बूट होताना आधी जी फाइल उचलतो तिचं) सेटिंगच नाहीये, दुसरा डीएचसीपी लावला तर राडा होईल ना?

अंधेरी_ॲडमिन: होणारच, दोघं आयपी वाटायला लागले की ऑफिसचा प्रिंटरपण गायब. राउटरला हात लावू नकोस. एका लिनक्स मशीनवर डीएनएसमास्क हा छोटा सर्व्हर प्रोग्राम टाक, प्रॉक्सी मोडमध्ये. आयपी राउटरच देतो, हा फक्त बूटफाइल कुठून उचलायची तेवढं सांगतो, ती फाइल पाठवणारं टीएफटीपीपण त्यातच आहे.

ठाणे_स्लो: +१. जुन्या बायोस मशीनची आणि यूईएफआयवाल्यांची (पीसी सुरू करणारं नवं फर्मवेअर) फाइल वेगळी असते बरं का, मशीन डीएचसीपीच्या ऑप्शन ९३ मधून आपला प्रकार कळवतं त्यावरून वाटणी कर. फायरवॉलमध्ये यूडीपी पोर्ट ६७, ६९ सोबत ४०११ पण उघड, तो हमखास राहतो.

दादरची_लॅब: भारी! सिक्युअर बूट (साइन केलेलंच बूट होऊ देणारं सेटिंग) बंद करावं लागेल का?

अंधेरी_ॲडमिन: उबुंटूची साइन केलेली शिम आणि ग्रब (बूट करणाऱ्या फाइली) दिलीस तर नाही.